तारकाकृती पॉलिस्टायरीन: एक दुरुस्ती

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या विज्ञान पुरवणीत तारकाकृती पॉलिस्टायरीन (एका गाभ्याला भुजांसारख्या अनेक लांब साखळ्या जोडलेले) आणि त्याची सहबहुवारिके (एकाहून अधिक प्रकारच्या घटकांच्या साखळ्या) यांविषयी आलेला लेख मी आवडीने वाचला. बहुवारिकांवरचे, म्हणजे पॉलिमरवरचे, मराठी लेखन बहुधा प्लॅस्टिकच्या कचऱ्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. रेणूच्या घडणीवर कोणी दोन पाने लिहावीत, हे क्वचित घडते. मात्र या रेणूंच्या प्रयोगशाळेत आणि नंतर वर्गात माझी बरीच वर्षे गेली असल्याने, लेखातील एका विधानावर आणि एका आकृतीवर लिहिल्यावाचून मला राहवत नाही. तारकाकृती रेणूला भुजा जितक्या अधिक, तितका पदार्थ अधिक पातळ वाहतो, असे ते विधान आहे. आकृतीत गाभ्यापासून सहा ताठ काड्या बाहेर निघालेल्या दाखवल्या आहेत. विधान एका मर्यादेपर्यंतच खरे आहे आणि ती मर्यादा ओलांडली की उलट होते. आकृती मात्र मुळातच दिशाभूल करणारी आहे, आणि मला वाटते विधानातली चूक आकृतीतूनच जन्मली असावी.

स्टायरीनच्या एका रेणूचा भार 104 असतो. असे दोनअडीचशे रेणू ओळीने जोडले की 25,000 रेणुभाराची एक साखळी होते, आणि अशा चार साखळ्या एका बिंदूत बांधल्या की एक लाख रेणुभाराचा चार भुजांचा तारा तयार होतो. या साखळ्या ताठ नसतात. प्रत्येक जोडापाशी त्या वळू शकतात, त्यामुळे द्रावणात त्या सतत चुरगळलेल्या, क्षणाक्षणाला रूप बदलणाऱ्या दोऱ्यासारख्या असतात. चार-सहा भुजांचा तारा म्हणूनच आकाशातल्या चांदणीसारखा न दिसता एका टोकाला गाठ मारलेल्या दोऱ्यांच्या गोंड्यासारखा दिसेल. भुजा पुष्कळ झाल्या, म्हणजे साठ-सत्तर किंवा शंभरावर गेल्या, की गाभ्याजवळ दाटी होऊन त्या बाहेरच्या दिशेला ताणल्या जातात आणि रेणू मऊ चेंडूसारखा वागू लागतो. दाउद आणि कॉटन यांनी 1982 मध्ये या दाटीचे जे चित्र मांडले, त्यात गाभ्यालगतचा घट्ट भाग, त्याबाहेरचा मधला भाग आणि सर्वांत बाहेरचा फुगीर भाग असे तीन पट्टे येतात. सहा भुजांसाठी ताठ काड्या काढणे मात्र कोणत्याच हिशेबात बसत नाही.

आता पातळपणाकडे वळतो. झिम आणि स्टॉकमायर यांनी 1949 मध्ये एक साधे गणित मांडले: भुजांची संख्या फ धरली, तर तीन गुणिले फ मधून दोन वजा करून येणाऱ्या संख्येला फ च्या वर्गाने भागावे, जो अपूर्णांक येतो, त्या प्रमाणात ताऱ्याच्या त्रिज्येचा वर्ग तेवढ्याच भाराच्या सरळ साखळीपेक्षा लहान असतो. चार भुजांसाठी हा अपूर्णांक 0.625 येतो, म्हणजे त्रिज्या सरळ साखळीच्या सुमारे 79 टक्के. सहा भुजांसाठी त्रिज्या दोन तृतीयांश, आणि बारा भुजांसाठी जवळजवळ निम्मी. हे गणित आदर्श, एकमेकांना न ढकलणाऱ्या साखळ्यांचे आहे, म्हणून पुष्कळ भुजांच्या ताऱ्यांना ते तंतोतंत लागू पडत नाही. पण दिशा बरोबर आहे. विरळ द्रावणात रेणू जितका आटोपशीर, तितका तो द्रवाला कमी अडवतो, आणि म्हणून समान भाराच्या सरळ साखळीपेक्षा ताऱ्याच्या द्रावणाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, कमी असते. एवढ्यापुरते लेखकाचे म्हणणे मला मान्य आहे.

द्रावक काढून टाकून शुद्ध पदार्थ वितळवला की खेळ बदलतो. तिथे प्रत्येक साखळी शेजारच्या शेकडो साखळ्यांत गुंतलेली असते. सरळ साखळी या गुंत्यातून सापासारखी आपल्याच वाटेने सरपटत बाहेर पडते. तिच्या लांबीच्या साधारण 3.4 व्या घाताने श्यानता वाढते, म्हणजे लांबी दुप्पट झाली तर श्यानता सुमारे दहापट होते. ताऱ्याला सरपटता येत नाही. गोंड्याची एक दोरी पुढे जाऊ पाहील, तर बाकीच्या दोऱ्या गाठीशी तिला मागे धरतात. तिच्यापुढे एकच मार्ग उरतो: भुजेने आपले मोकळे टोक गाभ्यापर्यंत मागे ओढून घ्यायचे आणि पुन्हा वेगळ्या वाटेने बाहेर पसरायचे. असे घडण्याची शक्यता भुजा लांबत जाईल तशी घातांकी वेगाने कमी होते. म्हणून लांब भुजांच्या ताऱ्याची वितळलेल्या अवस्थेतील श्यानता तेवढ्याच भाराच्या सरळ साखळीला गाठते, ओलांडते आणि पुढे कितीतरी पट वर जाते. विशेष म्हणजे, भुजा तिनाच्या पुढे गेल्यावर त्यांच्या संख्येचा या श्यानतेवर फारसा परिणाम राहत नाही. ती ठरते भुजेच्या लांबीवर. नेमके हेच लेखातून निसटले आहे, आणि संख्येवर भर दिल्याने वाचकाची समजूत उलट होते.

पॉलिस्टायरीनच्या बाबतीत लेखकाची गफलत समजण्यासारखी आहे, हेही सांगितले पाहिजे. पॉलिस्टायरीनच्या साखळीत दोन गुंत्यांमधील अंतर मोठे असते, रेणुभारात सांगायचे तर सुमारे 18,000. पॉलिब्युटाडाइन या कृत्रिम रबरात हेच अंतर जेमतेम दोन हजारांच्या आसपास असते. त्यामुळे वर सांगितलेल्या एक लाखाच्या ताऱ्यात प्रत्येक भुजेच्या वाट्याला जेमतेम दीड गुंता येतो, तर एक लाखाच्या सरळ साखळीत पाच-सहा गुंते असतात. अशा आखूड भुजांचा तारा सरळ साखळीपेक्षा पातळच वाहणार, आणि ज्याने एवढेच नमुने पाहिले, तो तोच नियम समजून बसणार. भुजा दोन लाखांच्या घेतल्या असत्या, तर प्रत्येकीत दहाबारा गुंते आले असते आणि निष्कर्ष फिरला असता. तारकाकृती पॉलिस्टायरीन अधिक उष्णता सहन करील अशी लेखात जी आशा व्यक्त केली आहे, तिलाही असाच लगाम घालायला हवा: पॉलिस्टायरीन ज्या सुमारे 100 अंश सेल्सिअस तापमानाला काचेच्या अवस्थेतून मऊ होऊ लागते, ते तापमान पुरेशा लांब भुजांच्या ताऱ्यातही तेवढेच राहते, आणि भुजा फार आखूड असतील, तर मोकळ्या टोकांची संख्या वाढल्याने ते खालीच येण्याचा संभव अधिक.

लेखात संश्लेषणाला दोनच वाक्ये मिळाली आहेत, आणि तीही भुजा गाभ्याला चिकटवल्या जातात एवढीच. खरी कसोटी तिथेच लागते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. शेफगेन आणि फ्लोरी यांनी 1948 मध्येच कॅप्रोलॅक्टमपासून चार आणि आठ भुजांची पॉलिअमाइडे बनवली होती. पण त्यांतल्या भुजा एका मापाच्या नव्हत्या. एका मापाच्या भुजा मिळाल्या, त्या मायकेल श्वार्झ यांच्या 1956 च्या शोधामुळे. नॅप्थॅलीन आणि सोडियम यांच्या हिरव्या द्रावणात स्टायरीन घातल्याबरोबर ते लाल होते आणि सगळे स्टायरीन संपले तरी लालच राहते. पुन्हा स्टायरीन घातले की साखळ्या पुन्हा वाढू लागतात. या साखळ्यांना त्यांनी जिवंत बहुवारिके म्हटले. तो हिरव्याचा लाल होणारा क्षण ज्याने स्वतःच्या हाताने घडवला आहे, त्याला या नावात काव्य वाटत नाही, वस्तुस्थिती वाटते. सोडियमच्या पद्धतीत साखळीची दोन्ही टोके जिवंत राहतात, आणि ताऱ्याच्या भुजेला एकच जिवंत टोक हवे असते; म्हणून तारे बनवताना आरंभक, म्हणजे साखळी सुरू करणारा पदार्थ, म्हणून ब्युटिल लिथियम वापरतात. सगळ्या साखळ्या जवळजवळ एकाच वेळी सुरू होतात आणि मध्येच कोणी मरत नाही, त्यामुळे त्यांची लांबी आरंभकाच्या एका रेणूमागे स्टायरीनचे किती रेणू आहेत यावरून आधीच ठरवता येते.

मध्येच कोणी मरत नाही, हे लिहायला सोपे आहे. एक लाख रेणुभाराच्या भुजांचे दहा ग्रॅम बहुवारिक घेतले, तर त्यातली सगळी जिवंत टोके मारून टाकायला दोन मिलिग्रॅमपेक्षाही कमी पाणी पुरते. काचेच्या भांड्याच्या आतल्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा ओलावा असतो, तोही यात मोजावा लागतो. म्हणून हे काम निर्वात केलेल्या, सर्व बाजूंनी वितळवून बंद केलेल्या काचेच्या उपकरणात करतात, द्रावक आणि एकवारिक (साखळीचा सुटा घटक, इथे स्टायरीन) पुन्हापुन्हा शुद्ध करतात, आणि लाल-नारिंगी रंग फिका पडला की आठवड्याचे काम वाया गेले असे समजून नवीन भांडे घेतात. मीही असे रंग फिके पडताना पाहिले आहेत, बहुधा सुट्टीच्या आदल्या दिवशी.

जिवंत भुजा तयार झाल्यावर त्या सिलिकॉन टेट्राक्लोराइडसारख्या संयुगात मिसळतात, ज्यात क्लोरिनचे चार अणू असतात आणि प्रत्येकाच्या जागी एक भुजा बसू शकते. मॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1962 मध्ये याच मार्गाने तीन आणि चार भुजांचे पॉलिस्टायरीन तारे बनवले. अडचण अशी की पॉलिस्टायरीनचे जिवंत टोक बेंझिनच्या कड्यामुळे अंगाने जाड असते. पहिल्या दोन भुजा सहज बसतात, तिसरीला खटाटोप करावा लागतो आणि चौथी अडखळते. उपाय साधा आणि मोठा हुशारीचा आहे: जोडण्यापूर्वी भुजेच्या टोकाला ब्युटाडाइनचे मोजके रेणू लावायचे, म्हणजे टोक निमुळते होते आणि चौथी जागाही भरते. भुजा हिशेबापेक्षा थोड्या जास्तच घालाव्या लागतात आणि शेवटी न जोडलेल्या भुजा ताऱ्यांपासून वेगळ्या काढाव्या लागतात. टोल्युइनमधील द्रावणात मिथेनॉल हळूहळू घातले की मोठे रेणू आधी खाली बसतात, त्याचा इथे उपयोग होतो. दुसरा मार्ग म्हणजे जिवंत भुजांना डायव्हिनिलबेंझिनचा, म्हणजे दोन जागी जोडल्या जाणाऱ्या एकवारिकाचा, थोडा डोस देणे. त्याचा एक छोटा जाळीदार गोळा तयार होऊन भुजा त्यात रुततात, कामही लवकर होते; पण भुजांची संख्या ही मग केवळ सरासरी उरते, एका ताऱ्याला आठ तर शेजारच्याला चौदा असे.

म्हणूनच भुजा मोजण्याचा प्रश्न येतो, आणि इथे लेखातल्या सहा या आकड्यामागे काय मोजमाप होते हे कळले असते तर बरे झाले असते. रेणुभार मोजण्याची नेहमीची रीत म्हणजे सच्छिद्र कणांनी भरलेल्या नळीतून द्रावण सोडणे; मोठे रेणू छिद्रांत शिरत नाहीत म्हणून आधी बाहेर पडतात, लहान रेणू रेंगाळतात. पण ही नळी रेणूचा आकार पाहते, वजन नाही. तारा वजनाच्या मानाने आटोपशीर असल्याने उशिरा बाहेर पडतो, आणि सरळ साखळ्यांवर आखलेल्या मोजपट्टीने त्याचे वजन खऱ्यापेक्षा कमी भरते. त्यावरून भुजा मोजल्या, तर सहाच्या पाच किंवा चार होतात. खरे वजन रेणूंवरून विखुरणाऱ्या प्रकाशाच्या मोजमापातून मिळते. जोडण्यापूर्वी जिवंत भुजांचा थोडा नमुना बाजूला काढून मिथेनॉलने मारून ठेवलेला असेल, तर ताऱ्याच्या वजनाला त्या एका भुजेच्या वजनाने भागले की संख्या हाती येते. एवढी साधी खबरदारी नसेल, तर भुजांचा आकडा ही केवळ बनवणाऱ्याची इच्छा असते.

1995 पासून, विशेषतः मातियाशेव्स्की आणि सावामोतो यांच्या गटांनी अणू हस्तांतरणाची मुक्तमूलक पद्धत (जीत साखळीच्या टोकाला एकटा इलेक्ट्रॉन असलेले मूलक असते) पुढे आणल्यापासून, निर्वात काचेच्या कसरती न करताही तारे बनवता येऊ लागले. इथे उलट्या दिशेने जातात: अनेक आरंभक जागा असलेला गाभा आधी घेतात आणि प्रत्येक जागेवरून भुजा वाढवतात. सात ग्लुकोजच्या कड्यांनी बनलेल्या बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनवर 21 हायड्रॉक्सिल गट असतात. प्रत्येकावर आरंभक बसवला तर 21 भुजांचा तारा निघू शकतो. सोय मोठी आहे, पण मूलकांचा स्वभाव एकमेकांना भेटून संपण्याचा. शंभरातली एकच भुजा दुसऱ्या ताऱ्याच्या भुजेशी जुळली, तरी वीस भुजांच्या ताऱ्यांपैकी साधारण पाचातला एक तारा दुसऱ्याला चिकटलेला सापडतो. म्हणून अभिक्रिया अर्ध्यावरच थांबवतात. गाभ्याशी असलेला एस्टर बंध तोडून सुट्या झालेल्या भुजा मोजण्याची चांगली सोय मात्र या पद्धतीत आहे.

सहबहुवारिकांकडे आल्यावर ताऱ्याचा खरा उपयोग दिसतो. प्रत्येक भुजेचा बाहेरचा भाग पॉलिस्टायरीनचा आणि आतला पॉलिब्युटाडाइनचा असेल, तर हे दोन भाग एकमेकांत मिसळत नाहीत, पण बंधाने जोडलेले असल्याने दूरही जाऊ शकत नाहीत. पॉलिस्टायरीनची टोके गोळा होऊन काही शतांश मायक्रोमीटरच्या कडक गाठी बनतात, आणि मधले रबर त्या गाठींना बांधून ठेवते. गंधक न घालता, न भाजता रबर तयार होते. तापवले की गाठी मऊ होतात आणि पुन्हा आकार देता येतो. सरळ साखळीच्या दोन टोकांना दोनच गाठी लाभतात, तर चार भुजांचा तारा चार गाठींत अडकू शकतो आणि शिवाय त्याचा गाभा स्वतःच एक कायमची गाठ असतो. रस्त्याच्या डांबरात मिसळण्यासाठी अशा ताऱ्यांना जी मागणी असते, तिचे कारण हेच. क्रम उलटा केला, म्हणजे पॉलिस्टायरीन गाभ्याजवळ आणि रबर बाहेर ठेवले, तर रबराची टोके मोकळी लोंबत राहतात आणि पदार्थात ताण धरण्याचे बळ येत नाही. घटक तेच, वजनही तेच, आणि पदार्थ वेगळा! लेखकाने हे एक उदाहरण दिले असते, तर आकृतीची गरजच पडली नसती. गंमत म्हणजे हा तारा जोडणेही सोपे: भुजेचे जिवंत टोक आधीच ब्युटाडाइनचे असल्याने वर सांगितलेली निमुळत्या टोकाची युक्ती आपोआप साधते. स्टायरीनचे प्रमाण तीन चतुर्थांशापर्यंत वाढवले, तर रबराऐवजी कडक पण चिवट प्लॅस्टिक मिळते, आणि आतले भाग प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा लहान असल्याने ते पारदर्शकही राहते.

भुजा एकमेकींहून वेगळ्याही असू शकतात. अथेन्स विद्यापीठात इयात्रू आणि हाजीख्रिस्तीदिस यांनी 1992 मध्ये पॉलिआयसोप्रीन (हेही एक रबरच), पॉलिस्टायरीन आणि पॉलिब्युटाडाइन यांची एकेक भुजा असलेला तारा बनवला. अशा ताऱ्यांना मिश्र या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून मिक्टोआर्म म्हणतात. तीनही भुजा एकमेकींना नकोशा असतील, तर सर्व गाभे तीन प्रदेश जिथे भेटतात त्या रेषांवरच येऊन बसतात आणि फरसबंदीसारख्या नक्ष्या उमटतात. या नक्ष्या ओळखणेही सरळ नसते. पॉलिस्टायरीन आणि पॉलिआयसोप्रीन यांच्या ताऱ्यांत 1986 मध्ये हिऱ्यासारखी दुहेरी जाळी सापडल्याचे जाहीर झाले होते. 1995 मध्ये क्ष-किरणांनी पुन्हा तपासल्यावर ती जायरॉइड नावाची वेगळी जाळी ठरली, आणि मूळ शोधनिबंधाच्या लेखकांपैकी काही जण या दुरुस्तीतही सहभागी होते.

तेव्हा माझी विनंती दोन ओळींच्या दुरुस्तीची आहे. विरळ द्रावणात समान भाराचा तारा सरळ साखळीपेक्षा कमी श्यान असतो, परंतु वितळलेल्या अवस्थेत लांब भुजांच्या ताऱ्याची श्यानता भुजेच्या लांबीनुसार घातांकी वेगाने वाढते आणि भुजांच्या संख्येवर ती फारशी अवलंबून नसते, एवढे छापले तरी पुरे. आकृती पुन्हा काढायची झाल्यास सहा काड्यांऐवजी एका ठिपक्यातून निघालेल्या सहा वेड्यावाकड्या, एकमेकींवरून जाणाऱ्या रेघा काढाव्यात. चित्रकाराला हे कामही सोपे जाईल.

आपला,
बहुवारिक रसायनशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक